औषधाच्या बाटलीवरच्या खाचा

मामा गेल्याचा निरोप पासलीला पोहोचायला पुरता दीड दिवस लागला. भोरला कुणीतरी एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली, कंडक्टरनं ती वेल्ह्याच्या हॉटेलात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी बाजार करून वर येणाऱ्या एका गड्यानं ती शाळेच्या दारात माझ्या हातावर टेकवली. एकच ओळ... मामा वारले, निघून ये. मी तिसरीच्या पोरांना पाढे म्हणायला लावले होते. ती म्हणतच राहिली आणि मला त्यांना थांबवायचंही सुचलं नाही. खाली भोरला पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मामी म्हणाली, तुझी वाट पाहिली गं, पण किती पाहणार? मला तिचा रागच आला. मग तो राग फिरून माझ्यावर आला, आणि दीड महिना झाला तरी तो काही जायला तयार नाही. लोक मला म्हणतात, मामांवर चार चांगले शब्द लिहा. लिहिते. पण चांगले शब्द लिहिताना माझी चूकही लिहावी लागणार आहे.

सोनबामामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. भोरच्या पेठेतल्या एका दवाखान्यात त्यांची सारी हयात कंपाउंडर म्हणून गेली. तेव्हा दवाखान्यात जाताना बाटली घरून न्यायची असे. आलेली प्रत्येक बाटली मामा आधी नाकाशी धरत. रॉकेलचा वास आला की धुऊन आणायला परत पाठवत, मग माणूस वरव्याहून आलेला असो की पार वेल्ह्याच्या पलीकडून. बाटलीत औषध भरून झालं की पांढऱ्या कागदाची लांब पट्टी घ्यायची, उभी दुमडायची आणि कात्रीनं कडेला टचटच खाचा पाडायच्या. उलगडली की दोन्ही बाजूंना सारखी नक्षी. ती खळीनं बाटलीवर चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. वाचता येत नसलेल्या माणसाचं बोट धरून मामा ते त्या खाचांवरून फिरवून आणत आणि विचारत, आज कुठवर, उद्या कुठवर? बोटानं बरोबर उत्तर दिल्याशिवाय बाटली हातात पडत नसे.

खरी गंमत पुढच्या खेपेला असायची. परत आलेली बाटली मामा खिडकीच्या उजेडात धरत आणि तिथूनच खटला सुरू होई. परवाचा डोस कुठं गेला? कालचा का घेतला नाहीस? माणसं डॉक्टरांना भीत नसत इतकी मामांना भीत. काही बहाद्दर तर एसटी स्टँडामागं जाऊन उरलेलं औषध ओतून देत आणि खाच बरोबर करून मगच दवाखान्याची पायरी चढत. तेही मामांना कळायचं. ते म्हणत, रोज प्यायलेल्या बाटलीचं तोंड चिकट असतं, ओतलेल्या बाटलीचे ओघळ बाहेरून असतात. मग साऱ्या दवाखान्यादेखत त्या माणसाची अशी काही हजामत व्हायची की विचारू नका. आम्ही भाचरं दारात उभी राहून हसायचो. मामांच्या धाकानं माणसं बरी होतात असं आई मोठ्या कौतुकानं सांगायची, आणि मलाही ते अगदी पटलेलं होतं.

एक गोष्ट मात्र आई सांगत नसे. आम्ही बौद्ध झालो, मामांनी अंगात स्वच्छ पांढरा कोट घातला, तरी वरच्या जातीतल्या काही घरची माणसं बाटली मामांच्या हातून घेताना चुळबुळत. औषधात पाणी असतं ना! डॉक्टर, तुमच्या हातानं द्या म्हणत. डॉक्टर बिचारे उठत, मामांनीच भरलेली बाटली टेबलावरून उचलून त्यांच्या हातात देत, आणि माणसं समाधानानं जात. मला संताप यायचा. मामा हसून म्हणायचे, "औषध म्याच केलं, पानी म्याच घातलं. बरं बी माज्याच औषधानं व्हत्यात. मग कशाला जीव जाळतीस?" पण असं म्हणताना ते माझ्याकडे बघत नसत.

पुढं डॉक्टरांचा मुलगा पुण्याहून शिकून आला, आणि त्याच्या मागोमाग बॅगवाले विक्रेते. चंदेरी कागदात एकेका खळग्यात बसवलेल्या गोळ्या आल्या. हात लागायला नको, पाणी मिसळायला नको, बाटली सांडायला नको. धाकटे डॉक्टर हुशार आणि भले. त्यांनी मामांना सांगितलं, काका, आता ही पातेली आणि कात्री हळूहळू बंद करू. सगळ्यांत जास्त खूश कोण झालं असेल तर मी. म्हटलं, बरी जिरली त्या चुळबुळणाऱ्यांची, आता पाण्याचा बहाणाच उरला नाही. मामांचा चेहरा मात्र उतरला. ते ती पाकिटं उलटीपालटी करून बघत राहायचे. गोळ्या सगळ्या सारख्याच पांढऱ्या, वर लिहिलेलं सगळं इंग्रजी. मी त्यांना चिडवलं, मामा, जग कुठं चाललंय आणि तुम्ही खळ कसली ढवळत बसलाय? ते म्हणाले, "जाऊ दे की जग. पर या गोळीला खाच कुठं हाय, ते सांग मला."  माझ्या मते तो प्रश्नच खुळचट होता.

तेव्हापासून त्यांना एक काळजी लागली आणि ती वाढतच गेली. आज खाच गेली, उद्या काय जाईल? नाडीवर बोट ठेवणारा डॉक्टर राहील का, का तेही एखादं यंत्र सांगेल? आजाऱ्याला नावानं ओळखणारं कुणी उरेल का? जेवता जेवता मध्येच ते असलं काही काढायचे. मामी म्हणायची, यांना नोकरीची धास्ती आहे. मलाही तसंच वाटायचं. नोकरी काही गेली नाही, धाकट्या डॉक्टरांनी त्यांना गोळ्या देण्याच्या कामावर ठेवलं. काळजी नोकरीची नव्हतीच, हे कळायला कोंडाबाईचं प्रकरण घडावं लागलं.

मला पासलीच्या शाळेवर नेमणूक मिळाली तेव्हा कोंडाबाई माझी शेजारीण झाली. भातशेती करणारं घर, दोन पोरं माझ्याच वर्गात. तिला फेफऱ्याचे झटके यायचे. आधी देवऋषी झाले, गंडेदोरे झाले, मग मीच तिला भोरला मामांकडे नेलं. मामांच्या बाटलीनं तिला चांगला गुण आला. पुढं बाटली गेली आणि महिन्याच्या गोळ्या सुरू झाल्या, रोज रात्री एक. मामांनी तिच्यापुढं जुनाच कित्ता ठेवला. पुढल्या खेपेला रिकामी पाकिटं घेऊन यायचं, मी बघणार. ती मान डोलवायची. मामांपुढं तिची मान दुसरं काही करूच शकत नसे.

एका साली लावणीचे दिवस होते. दिवसभर चिखलात वाकून माणूस घरी येतो तो भाकर खाऊन आडवाच होतो. भोरच्या खेपेच्या आदल्या संध्याकाळी ती गाठोडं बांधत होती तेव्हा मी तिच्याकडे बसले होते. पाकिटात दहा-अकरा गोळ्या शिल्लक दिसत होत्या. मी म्हटलं, अगं, या कशा उरल्या? मामा सोलून काढतील तुला. थट्टाच केली मी. ती हसली नाही. सकाळी आम्ही दोघी उतरून वेल्ह्याला आलो. स्टँडवरच्या हॉटेलात तिनं पाणी मागितलं, माझ्याकडे पाठ करून प्यायली, आणि आम्ही एसटीत बसलो. नसरापूरच्या अलीकडेच तिची मान माझ्या खांद्यावर पडली. मला वाटलं, लावणीनं दमलीय. मी तिच्या अंगावरून पदर सारखा केला. पलीकडची बाई तिला हलवायला लागली तर मीच तिला दटावलं... झोपू द्या हो जरा तिला.

भोरला ती उठेना. दोघातिघांनी उचलून दवाखान्यात आणली. मामांनी तिचा चेहरा पाहिला, गाठोड्यातली पाकिटं काढली. सगळे खळगे रिकामे. त्यांनी मला एकच विचारलं, काल किती राहिल्या होत्या? मी म्हटलं, दहा-अकरा. मामांना पळताना मी आयुष्यात तेव्हा एकदाच पाहिलं. धाकट्या डॉक्टरांनी पोटात नळी घालून पोट धुतलं, सलाईन लावलं. तो दिवस आणि ती रात्र मामा तिच्या उशाशी नाडी धरून बसून होते. मी देवाला मानत नाही, पण त्या दिवशी कुणाकुणाला हात जोडले ते माझं मला ठाऊक. माझ्या वर्गातली तिची दोन पोरं डोळ्यांपुढून हलत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले. मामांनी तिला विचारलं, एवढ्या गोळ्या एकदम का खाल्ल्यास? तिनं पदर तोंडाशी ओढला. मग पुटपुटली, "वतून द्याया ते पातळ औशीद थोडंच हाय? आन टाकून द्यावं तर पैका पडलाय. तुमी बगनार म्हून खाल्ल्या."

मामा उठले आणि मागच्या खोलीत गेले. मी आत गेले तर ते भिंतीकडे तोंड करून रडत होते. म्हणाले, "शाले, म्या लोकास्नी औशीद घ्याया शिकवलं न्हाई. मला भ्याया शिकवलं." मी त्यांना समजावू लागले, तसं नाही मामा, तुमच्यामुळं किती माणसं जगली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. बाटलीच्या वेळेला लबाडीनं फक्त औषध वाया जात होतं, गोळीच्या वेळेला जीव गेला असता, एवढं साधं आपल्या ध्यानात आलं नाही म्हणाले. त्यानंतर मामा कुणावरही ओरडले नाहीत. रिकामी पाकिटं मागणं त्यांनी सोडून दिलं. पण काळजी कुठं सुटते? ती दुपटीनं वाढली. दर महिन्याला मला चिठ्ठी यायची... कोंडाबाईकडे जा. विचारू नको, तपासू नको, नुसती जाऊन बस. तिला वाटलं तर ती सांगेल. मी जात असे. ती चहा करायची, पोरांचं विचारायची, भाताचं सांगायची. गोळ्यांचा विषय तिनं कधी काढला नाही. राहिली असेल एखादी तर ती भीतीनं लपवतेय की खरंच सगळं ठीक आहे, हे मला कधी उमगलं नाही.

दोनेक वर्षांपूर्वी मामांना रक्तदाब निघाला. त्यांनाही गोळ्या सुरू झाल्या, जन्मभराच्या. आणि इथं माझी चूक लिहायची आहे. मी मास्तरीण. भोरला गेले की चप्पल काढायच्या आधी विचारायची, मामा, पाकीट दाखवा. ते मुकाट्यानं उठत, खिशातून पाकीट काढत, रिकामे खळगे दाखवत. मी म्हणायची, शाब्बास! मामी हसायची, मामाही हसायचे. एवढं सगळं बघून, एवढं सगळं भोगून, माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही तो नाहीच. मामा अर्धांगाच्या झटक्यानं गेले, आणि मी भोरला पोहोचले तेव्हा धाकटे डॉक्टर हळहळून म्हणाले, गोळ्या नीट चालू होत्या तरी कसं झालं कळत नाही.

मामांच्या मागचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्या दिवशी मामीनं मला कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढायला सांगितलं. त्यात मामांची कागदपत्रं असतील असं तिला वाटत होतं. झाकण उघडलं तर तळाशी गोळ्या. सुट्या, पाकिटातून काढलेल्या, काही पिवळट पडलेल्या. ओंजळभर असतील. मामीला काही कळलं नाही, ती म्हणाली दवाखान्यातल्या असतील. मला एका नजरेत कळलं. घ्यायची विसरत असतील, का त्या घेतल्यावर चक्कर येत असेल, का त्या मुक्या पांढऱ्या गोळ्यांवर त्यांचा विश्वासच नव्हता... काय ते आता कोण सांगणार? त्यांना विचारणारी एकटी मी, आणि मी नुसतं पाकीट बघत होते. मी येणार म्हटलं की तो माणूस बसून खळगे रिकामे करत असणार. डबा मांडीवर घेऊन मी ढसाढसा रडले आणि मामीला कारण सांगितलं नाही.

पासलीला परत आल्यावर आठ दिवस मी कुणाकडे गेले नाही. मग एका दुपारी कोंडाबाईकडे गेले आणि डब्याची सगळी गोष्ट तिला सांगितली. मामीला सांगितली नाही ती हिला का सांगितली, ठाऊक नाही. ती हातातलं सूप खाली ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी कंपौंडरमामा बी भ्येत व्हते?" मी म्हटलं, "व्हय गं. मला भीत होते." ती उठली, कोनाड्यातून आपलं पाकीट काढलं आणि माझ्यापुढं जमिनीवर ठेवलं. आपणहून, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

"बाई," ती म्हणाली, "माज्या या खेपंला तीन राहिल्यात."