अण्णांसाठी आणलेला सिनेमा

आमच्या घरी सिनेमा आला त्या संध्याकाळी अख्ख्या गावात फक्त एक माणूस तिथे नव्हता, आणि सिनेमा त्याच्यासाठीच आणला होता.

हा माणूस म्हणजे अण्णा, माझे वडील. मिरजगावात तंबूतला सिनेमा आला की ते आणि आई हटकून जायचे. मध्ये दोरी, पुरुष अलीकडे, बायका पलीकडे. वेगवेगळं बसून बघायचं आणि घरी येईपर्यंत त्यावरून भांडायचं! आई गेली आणि अण्णांनी तंबूकडे पाठ फिरवली. ओसरीवर गप्प बसून राहायचे. मला वाटलं, माणूस सिनेमाला जात नाही ना, मग सिनेमाच घरी आणू! (असले विचार माझ्यासारख्या शाळामास्तरालाच सुचतात.)

नगरहून मेव्हण्याच्या ओळखीनं प्रोजेक्टर आणला, सोबत मेव्हणाही आला. अंगणात पडदा म्हणून अण्णांचंच धोतर बांधलं. दिवस मावळला आणि गाव लोटलं! माणसं कौलांवर, माणसं गव्हाणीत! शेजारच्या काकूंना पडद्यामागे जागा मिळाली. त्यांना सगळे डावखुरे दिसत होते. त्यात घाईघाईत मी शेवटचं रीळ आधी लावलं.

“मास्तर, हिरो आधीच मेला की वो!” लोक माझ्यावर ओरडले. पुढच्याच रिळात तो मेलेला नायक बोहल्यावर उभा राहिला, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट!

तेवढ्यात बायको गर्दीतून वाट काढत आली. “अहो, अण्णा कुठायत?”

मशीन मेव्हण्याच्या हवाली करून मी त्यांना शोधायला गावभर धावलो. बाजारतळावर तंबूत खेळ चालू होता. आत प्रेक्षक एकच. अण्णा!

“समदं गाव तुमच्याकडं,” तंबूवाला म्हणाला. “हे एकलेच आले. म्हनलं, लावतो.”

“अण्णा, तुमच्यासाठी घरी आणलाय ना सिनेमा!”

“तिथं लई गर्दी हाय रं.” ते दोरीपलीकडे बघत होते. “हितं कुनी न्हाई. ती कुठं बसायची, ते नीट दिसतंय.”

मी त्यांच्याजवळ बसलो. जरा वेळानं तेच म्हणाले, “जा तू. पाव्हनं आल्यात घरी.”

परतलो तर दारात एक अनोळखी पैलवान आडवा.

“जागा न्हाई!”

“अहो, हे माझं घर आहे!”

“मघापासनं समदे ह्येच सांगत्यात,” तो म्हणाला.

मग मी रस्त्यावरच उभा राहिलो. आत लोक हसले, की अंदाजानं आपणही हसून घेत होतो.