ज्वारीच्या केसांची पोरं

आमच्या शेजारच्या चंपतरावाची सून सपना. आमचं गाव जैनथच्या अंगाचं, तेलुगू मुलखातलं, आन चंपतरावाचं किराण्याचं दुकान. सपना पैनगंगेच्या पल्याडून लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पेटीत साड्यांपेक्षा रंगीत कागद जास्त निघाले. माहेरी बालवाडी चालवायची ती. इथं तिचा मुक्काम ओट्यावरच्या लोखंडी जाळीमागं. दुकानात गिऱ्हाईक असतं, म्हणून दुकानात यायचं नाही. बाजारात नाही नाही ती माणसं, म्हणून बाजारात जायचं नाही. नवरा कुलदीप ट्रकवर असतो. तो घरी नाही, म्हणून कुठं जायचं नाही. आन तो घरी आला की मग तर बिलकूलच नाही.

पोरं मात्र जाळीला चिकटलेली. अंगणवाडी सुटली की गल्लीतली सारी पिल्लावळ तिच्यापाशी. जाळीच्या खालच्या फटीतून हात आत घालायचे, "काकी, आज काय?"

एकदा तिनं फाटके मोजे मागवले. मोज्याच्या बोटांकडं ज्वारीचे दाणे, त्यावर सुताराकडचा भुसा गच्च, मग गाठ. उलटं करून पाण्याच्या वाटीत बसवायचं, बटणाचे डोळे लावायचे. थोड्या दिवसांत डोक्यावर हिरवे केस! दाणे घ्यायच्या आधी पाण्यात टाकायला लावी. बुडला तो भरलेला, तो पेरायचा. तरंगला तो किडीनं पोकळ केलेला. पण आमच्याकडं दाणा कोणी फेकत नाही. तरंगलेले तिनं वाळवले आन चिमण्यांसाठी म्हणून एका डब्यात भरून फळीवर ठेवले.

हे सारं अंगणवाडीच्या भाग्यलक्ष्मी टीचरनं पाहिलं. बाई तेलुगू, मराठी तोडकंमोडकं. चंपतरावाला म्हणाली, "मामा, सपनाला दुपारी पाठवा ना. ही पोरं माझ्याजवळ गप बसतात, हिच्याजवळ बोलतात."

चंपतराव माणूस भला, पण बोलायच्या आधी बायकोकडं पाहणारा. त्याची बायको सोजरबाई सुपातली ज्वारी पाखडत राह्यली. म्हणून तो म्हणाला, "घट उठू द्या, मग पाहू."

त्या दिवसापासून सपना गुणगुणायला लागली. मला भिंतीआडून ऐकू यायचं.

नवरात्रात घटाची माती सोजरबाई स्वतः घालते, दाणे स्वतः पेरते. दुसऱ्याचा हात लागू देत नाही. यंदाही तसंच. माळ चढत गेली, पण माती काळीच राह्यली. इकडं तिकडं दोन-चार पिवळ्या काड्या. आन ओट्यावर मोज्यातली पोरं हिरवीगार, केस डोळ्यांवर आलेले. सपनानं तर बजावलं होतं, घट उठेस्तोवर कोणी कैची लावायची नाही.

"बाहेर जंगल वाढवलं न माह्या देवीले टकली ठेवलं!" सोजरबाई कडाडली. "सारी उगवण तिकडं ओढून नेली हिनं."

सपनानं देव्हाऱ्याशी चिमण्यांचा डबा पाहिला आन तिला सारं समजलं. मोरीवर भांडी घासताना मला म्हणाली, "आजी, सांगितलं तं सासूची चूक काढल्यासारखं होईल. नाही सांगितलं तं माहा हातच वाईट ठरते."

"चूप राय," मी म्हटलं. "दसरा निघू दे." सत्तर वर्षं मी तेच करून राह्यली, दुसरं काय सुचणार?

दसऱ्याला घट उठला. भाग्यलक्ष्मी टीचर जम्मीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून द्यायला आली, खरं तर जबाब न्यायला आली होती. माझी नात मीनल माझ्यासंगं. तिनं वाकून मातीतला एक दाणा उचलला, चिमटीत दाबला. पीठच झालं त्याचं.

"हे तं तरंगनारे दाणे! काकीनं चिमण्यांच्या डब्यात ठेवले होते ना? हे उगवतच नाहीत."

टीचरचा आनंद मावेना. "पाहा मामा, किती चांगलं शिकवलं हिनं!"

बाईच्या मनात पाप नव्हतं. पण सोजरबाईचं तोंड पाहून मी मीनलचा हात धरला.

"आमच्या डब्यात काय हाय, हे गल्लीतल्या पोट्ट्यायले ठाऊक," सोजरबाई हळूच बोलली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "उद्या अंगणवाडीत बसून आनखी काय काय शिकवन? नाही जानार ती."

चंपतराव आपल्या चपलांकडं पाहत म्हणाला, "पुढच्या साली पाहू."

सपना आत पाणी आणायला गेली, ती पाणी घेऊन आलीच नाही.

आता अंगणवाडीच्या खिडकीत मोज्यातल्या पोरांची रांग आहे. टीचरनं जाळीबाहेर उभं राहून सारं विचारून घेतलं. अडलं की मीनल निरोप आणते, "काकी, एकाच्या डोक्यावर पांढरी बुरशी आली."

"पानी जास्त झालं. उन्हात ठेवा म्हना." दुसऱ्या दिवशी तिकडून 'बरं झालं' असा जबाब येतो.

परवा मी सपनाला म्हटलं, "काऊन वो, एकदा तरी पाह्यचे नाहीत का तुले ते?"

ती मोजा शिवत होती. "आजी, अंगणवाडी किती लांब हाय आपल्या घरून?"

"लांब कुठं? तीन घरं सोडून."

"हो का," ती म्हणाली, आन दातानं दोरा तोडला.