अडतीस कोटी सोळा लाख

दुष्काळाच्या त्या साली बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. जन्मभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. आता तोंडातून फक्त 'हं' निघायचं. मी श्रीगोंद्याच्या शाळेतून बिनपगारी रजा घेतली आणि सावेडीला घरी आले. बाबांना पुसून काढायचं, कूस बदलून द्यायची, टँकर आला की रांगेत उभं राहायचं, परत येऊन त्यांना भरवायचं. आई गुडघ्यांनी बेजार. दुपार होईतो अंगात त्राण उरत नसे.

डॉक्टर म्हणाले होते, "त्यांच्याशी बोलत राहा." पण बोलणार काय? पाणी आलं, पाणी गेलं, यापलीकडे घरात विषयच नव्हता. एका दुपारी भिंतीला टेकून बसले असताना बाबांचं एक कोडं आठवलं. ते दरवर्षी वर्गाला घालायचे. एक ते नऊ हे अंक एकेकदाच वापरून संख्या करायची. पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोनाने भाग जावा, पहिल्या तिनांच्या संख्येला तिनाने, असं करत अख्ख्या संख्येला नवाने. अशी संख्या एकच आहे, ते म्हणायचे. मला ती कधी सापडली नव्हती.

मी पाटी घेतली आणि मोठ्यानं बोलू लागले. "पाचवा अंक पाचच, बाबा. शून्य आपल्याकडे नाहीच."

"हं."

"दुसरा, चौथा, सहावा, आठवा सम."

"हं."

पुढच्या काही दुपारी तेच चाललं. माझं चुकलं की ते डोळे मिटून घेत; मी पुसून पुन्हा मांडे. होता होता आठ, सहा, चार, दोन आपापल्या जागी बसले. सातव्या जागी मी सात धरला. पण साताने भाग जातो का, हे ओळखायची सोपी युक्ती मला ठाऊक नव्हती. प्रत्येक वेळी भागूनच बघायचं. १८३६५४७, बाकी सहा. १८९६५४७, बाकी दोन. मी पाटी खाली ठेवली.

"बाबा, आज नाही होत माझ्याच्यानं."

त्यांचे ओठ हलले. "तीन," ते म्हणाले. आवाज घोगरा, पण शब्द स्वच्छ.

आई स्वयंपाकघरातून लंगडत आली. "काय म्हणाले हे?"

"तीन म्हणाले."

ती पलंगाच्या कडेवर बसली. मी तीन पुढे घेतला, एक मागे. ३८१६५४७. साताने भागलं, बाकी उरली नाही. आठानेही भाग गेला. नवाचं बघायलाच नको. एक ते नऊ कसेही मांडा, बेरीज पंचेचाळीसच. मी वाचून दाखवलं: अडतीस कोटी सोळा लाख चौपन्न हजार सातशे एकोणतीस. बाबा ओठांनी माझ्याबरोबर म्हणत होते. आनंद झाला असं म्हणवत नाही. तिथंच फरशीवर मला झोप लागली.

त्यानंतर त्यांना आकडे येत गेले, शब्द मात्र अडून राहिले. चहा हवा असला की ते 'सहा' म्हणत आणि आई काही न विचारता आधण ठेवी. माझी रजा संपली, मी श्रीगोंद्याला परतले. दिवाळीत एस.टी.नं घरी आले, दारात पिशवी टेकवली, तेव्हा बाबांनी मला नावानं हाक मारली आणि हातानं पलंगाची कड दाखवत म्हणाले, "बस."