एक जून

दरवर्षी एकतीस मेला आमच्या बांधकाम खात्यात जत्रा भरायची. निम्मं ऑफिस एकाच दिवशी रिटायर! कारण निम्म्या मराठवाड्याचा जन्म एक जूनचा. शाळेत नाव घालताना मास्तर जन्मतारीख विचारायचे नाहीत, आईबापही सांगायचे नाहीत, मास्तर आपले एक जून लिहून मोकळे. यावर आम्ही पोट धरून हसलोय. मारोती बिडवे तेवढा हसायचा नाही.

मी आस्थापना शाखेचा कारकून. सगळ्यांची सेवापुस्तकं माझ्या कपाटात. त्यामुळे मारोतीची गोष्ट मला ठाऊक आहे, आणि ती आठवली की अजून माझं डोकं फिरतं.

बहात्तरच्या दुष्काळात औशाकडच्या त्याच्या गावात रस्त्याचं काम निघालं. बाप आधीच वारलेला. आई चांगुणाबाई खडी फोडायला जायची. मारोती तेव्हा पंधरा वर्षांचा, नववीत. ओव्हरसियरला टेप धरायला आकडे वाचता येणारा माणूस हवा होता, पण अठराच्या खालचं नाव हजेरीपटावर चालत नव्हतं. चांगुणाबाई तडक हेडमास्तरांकडे गेली. शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं, गुरुजी नवं लिहीत बसले होते.

"गुरुजी, पोराला तीन वर्षं वाढवून द्या," ती म्हणाली.

गुरुजी भले होते. सत्तावन्न सालच्या पोराला त्यांनी चौपन्न साल दिलं. तारीख विचारायची पद्धतच नव्हती, म्हणून एक जून. त्या दाखल्यावर मारोती कामाला लागला आणि मायलेकरं जगली.

टेप धरता धरता रस्ता कसा उभा राहतो हे त्यानं पाहिलं आणि त्याला नाद लागला. बाहेरून मॅट्रिक झाला, खात्यात कायम झाला. पुढे बिनपगारी रजा काढून, नांदेडला एका खोलीत चौघांत राहून त्यानं डिप्लोमा केला आणि ओव्हरसियर झाला. गावानं त्याला लगेच 'इंजिनेर' करून टाकलं. चांगुणाबाई तर त्याला दुसऱ्या नावानं हाकच मारीना. खात्यात मात्र ओव्हरसियर तो ओव्हरसियर. डिग्री नाही तर खुर्ची नाही.

ब्याऐंशीला उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला. नवी ऑफिसं, नव्या पाट्या, आणि नवे डिग्रीवाले साहेब. आम्ही दोघं तिथंच आलो. एका ओढ्यावरच्या पुलाचं सगळं गणित मारोतीनं मांडलं आणि नकाशावर सही केली पुण्याहून आलेल्या तेवीस वर्षांच्या पोरानं. त्या पोरानं नकाशा नीट उघडलासुद्धा नाही. मारोती मला म्हणाला, "अण्णाराव, पूल माझा हाय. एकदा तरी माझी सही पायजे खाली."

चौऱ्याऐंशीला ती संधी आली. डिप्लोमावाल्या एका ओव्हरसियरला खातं पूर्ण पगारावर डिग्रीला पाठवणार होतं, तेही थेट दुसऱ्या वर्षाला. मार्कांत मारोती पहिला. अट एकच होती, एक जुलैला तिशी पूर्ण झालेली नसावी. मी सेवापुस्तक उघडलं. एक जून चौपन्न. तीस वर्षं आणि एक महिना.

"पण मी तर सत्तावीसचा हाय की!" तो म्हणाला.

मी त्याला कार्यकारी अभियंत्यांकडे नेलं. साहेब सरळ माणूस. सगळं ऐकून म्हणाले, "बिडवे, सालाला हात लावू नका. तुम्ही पंधराव्या वर्षी खोट्या दाखल्यावर कामाला लागलात, असं होईल आणि नोकरी जाईल. पण एक जून कुणाचा खरा असतो? साल तेच ठेवू. महिना जुलैनंतरचा असेल, तर आईचं प्रतिज्ञापत्र आणा. तेवढी दुरुस्ती मी करून घेतो."

मी मारोतीला त्याच दिवशी गावाकडे पिटाळलं. म्हटलं, बाळाला कोणत्या महिन्यात जन्म दिला हे आई विसरत नसते, जा. सोमवारी तो परत आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिला आठवत न्हाई म्हणती."

मी मूर्ख, विश्वास ठेवला. यादीतला दुसरा पोरगा गेला, डिग्री घेऊन आला आणि चौदा वर्षांनी मारोतीचा साहेब होऊन बसला. मारोतीनं आणखी सतरा पूल बांधले. सतराही नकाशांखाली दुसऱ्यांच्या सह्या.

कागदावरची अठ्ठावन्न भरली आणि दोन हजार बाराच्या एकतीस मेला त्याचा निरोप समारंभ झाला. त्या दिवशी अकरा जण रिटायर. शाली कमी पडल्या, भाषण सगळ्यांना मिळून एकच. साहेबांनी मारोतीचं नाव मागच्या माणसाला विचारून घेतलं. मी आधीच रिटायर झालो होतो, पण त्याला घरी सोडायला गेलो.

चांगुणाबाई ओट्यावर बसलेली. हार बघून चिडली. "आत्ताच कसं सोडलं माझ्या लेकाला? पंचावन्न भरायला अजून पोळा यायचाय!"

मी चप्पल काढता काढता थांबलो. "पोळा?"

"हाव. पोळ्याच्या करीला झाला ह्यो. बैलांच्या शिंगांचा रंग बी उतरला नव्हता. पाऊस असा, सुईण घरात येईना."

म्हणजे श्रावण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. एक जुलैच्या चांगला पुढे. चौपन्न साल धरूनही तो बसत होता!

"मग चौऱ्याऐंशीला हे का नाही सांगितलं, मावशी?"

"मला कुणी इचारलंच न्हाई, बाबा."

मी मारोतीकडे पाहिलं. त्यानं मला हाताला धरून अंगणात नेलं.

"गेलो व्हतो मी," तो हळू म्हणाला. "ती बायांना सांगत बसली व्हती, म्या तीन वर्षं वाढवली म्हणून माझा ल्योक इंजिनेर झाला. आता हिला कसं इचारू? कशाला पायजे म्हणली असती तर काय सांगू, तुझ्या त्या तीन वर्षांनीच आडवलं म्हणून? रातभर राहिलो अन् तसाच परत आलो."

मला इतका राग आला की त्याच्या गळ्यातला हार ओढून फेकावासा वाटला. एक शब्द. आईला एक शब्द विचारला असता, तर तिनं हसत सांगितलं असतं आणि तिला काही कळलंही नसतं. मी तसं बोललोसुद्धा.

"तिला आता बी सांगू नका," तो एवढंच म्हणाला.

आतून चांगुणाबाईची हाक आली, "अण्णाराव, चहा निवायलाय. आमच्या इंजिनेर साहेबाला बी घेऊन या."

"आलो," मारोती म्हणाला, आणि हार काढून आत गेला.