घुबडवाल्या शोभा मॅडम

"शोभा मॅडम गेल्या," असा फोन आला तेव्हा मी कळंबच्या बसस्टँडवर उसाचा रस पीत उभी होते, आणि मी अगदी सहज विचारलं, "कुठं? मारेगावले?" त्या आठवड्यात मारेगावला शिक्षकांची कार्यशाळा होती आणि शोभा तिथे शिकवायला जाणार हे मला ठाऊक होतं. फोनवर आमची एक जुनी विद्यार्थिनी होती. तिचा हुंदका ऐकू आला आणि मला कळलं... शोभा सदोदित कुठे ना कुठे गेलेलीच असायची. वावरात, शाळेत, नाहीतर विद्यापीठात. घरी फोन केला की तिचे यजमान, आमचे अरुणभाऊजी, एकच वाक्य सांगत, "गेली ना ते." त्यामुळे या शब्दाला दुसराही अर्थ असतो हे तिच्या बाबतीत माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. सकाळी चहा ठेवता ठेवता छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं. शेतांत हरभरा काढणीला आला होता. दिग्रसला पोचेपर्यंत मी खिडकीतून नुसती तो हरभरा बघत होते.

आम्ही दोघी दिग्रसच्या एकाच महाविद्यालयात लागलो. मी मराठीची, ती प्राणिशास्त्राची. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती, आणि माझ्या टेबलाला शाईचा आणि तिच्या टेबलाला फॉर्मॅलिनचा वास यायचा. कित्येक वर्षं तिने इतरांसारखंच बेडूक, झुरळ, गांडूळ शिकवलं. बरं शिकवायची, पोरं खूश असायची. पण पन्नाशी ओलांडल्यावर, बाकीच्या बाया गुडघ्यांबद्दल बोलायला लागल्या त्या वयात, शोभा घुबडांच्या नादाला लागली, आणि त्याला कारण झाले भाऊजी. भाऊजींचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. एका कापसाच्या जिनिंगमध्ये मोटार बिघडली म्हणून ते गेले, सोबत बाजाराला निघालेली शोभा होती. ते मोटार खोलून बसले आणि ही जुन्या शेडमध्ये फिरली. वर छताच्या कैचीवर गव्हाणी घुबडांची जोडी बसलेली, आणि खाली जमिनीवर काळे, लांबट गोळे पडलेले. तिने पर्समधला भाजीचा रुमाल काढला, गोळे त्यात बांधले आणि बाजार न करताच घरी आली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिच्या टेबलावरचा स्टीलचा डबा उघडला. आमचे डबे आम्ही एकमेकींना विचारून कधीच उघडले नव्हते. आत काळपट गोळे होते. मी एक हातात घेतला आणि विचारलं, "तिळाचे लाडू केले का वं?"

"लाडू नाई, घुबडाची उलटी हाये," शोभा शांतपणे म्हणाली. "ठेव खाली, मोडशीन."

मी केवढ्याने किंचाळले ते सांगत नाही. प्राचार्य केबिनमधून बाहेर आले एवढं सांगते. शोभा मात्र त्यांनाही समजावून सांगायला लागली. घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, पण हाडं आणि केस पचत नाहीत, ते पोटात गोळा होऊन तोंडावाटे बाहेर पडतात. म्हणजे हा गोळा पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवला, तर घुबडाने काल रात्री काय खाल्लं ते कळतं. आणि महिन्यामागून महिने असे गोळे गोळा केले, तर कापूस, तूर, सोयाबीनच्या वावरात कोणते उंदीर कधी वाढतात तेही कळतं. "अवं मीने," ती म्हणाली, "आपल्याले उंदीर पकडाची गरजच नाई. घुबड आपल्यासाठी पकडून राह्यलं, वरतून पार्सल करून देऊन राह्यलं!" प्राचार्य हसले आणि म्हणाले, मग यावर पीएच.डी. करून टाका. ते गमतीने म्हणाले होते. शोभाने दुसऱ्या दिवशी विद्यापीठात चौकशी केली.

पुढची काही वर्षं त्या घराची काय दशा झाली ते भाऊजींनाच विचारावं. कॉलेजचं निर्जंतुक करायचं यंत्र बंद पडलेलं, म्हणून शोभाने गोळे वाफवायला वेगळा कुकर घेतला आणि ओळखू यावा म्हणून त्याच्या कानाला लाल रंग लावला. तरी भाऊजी प्रत्येक जेवणाआधी स्वयंपाकघरात डोकावून विचारत, "वरण कोणत्या कुकरमधलं हाये?" त्यात त्यांना घुबडाचं भारी भेव. लहानपणी आजीने सांगितलेलं, घुबडाने नाव ऐकलं की ते रोज तेच नाव घेतं आणि माणूस खंगत जातो. म्हणून जिनिंगमध्ये शिडी धरून उभे असताना ते शोभाला नावाने हाक मारत नसत. "ओ मॅडम, उतरा आता," असं म्हणत. वरून ती ओरडायची, "धरा ना नीट, हालवून काहून राह्यले?" आणि खालून हे म्हणायचे, "मी नाई हालवून राह्यलो, मीच हालून राह्यलो."

मग एकदा तिने तो डबा घराजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नेला. सातवीच्या वर्गाला अन्नसाखळीचा धडा होता आणि पोरं तो गाण्यासारखा पाठ म्हणत होती. मला तिने बळेच सोबत नेलं होतं. दोन-दोन पोरांत एक वाफवलेला गोळा, खाली वर्तमानपत्र, हातात काड्या आणि चिमटे. आधी ई, शी, छी झालं. मग हळूहळू वर्ग असा शांत झाला की बाहेरच्या हातपंपाचा आवाज ऐकू यायला लागला. कोणाला बरगडी सापडली, कोणाला कवटी. मागच्या बाकावरची एक मुलगी एकदम उभी राहिली. "मॅडम, याचे दात पिवळे हायेत अन् याचे पांढरे! काहून?" शोभाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. एम.एस्सी.च्या पोरांनी इतक्या वर्षांत न विचारलेला प्रश्न होता तो. पिवळे दात उंदराचे, पांढरे चिचुंद्रीचे. पण शोभाने उत्तर दिलंच नाही. "तूच सांग, दोघाइचं आणखी काय काय येगळं हाये?" असं म्हणून ती त्या पोरीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली. घंटा झाली तरी कोणी उठेना.

त्या दिवसापासून तिच्या संशोधनाला दुसरा फाटा फुटला. घुबड काय खातं यासोबत, पोरं हाताने हाडं जुळवतात तेव्हा नेमकं काय शिकतात, हेही ती नोंदवू लागली. तालुक्यातल्या आणखी शाळांत गेली. आणि प्रबंधात तिने त्याचं एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. इथे मात्र गाडी अडली. तिचे मार्गदर्शक तसे भले गृहस्थ, पण शिस्तीचे. "मॅडम, हे प्राणिशास्त्र आहे. हे प्रकरण काढा, प्रबंध उद्या जमा होईल," ते म्हणाले. शोभा नाही म्हणाली. महिने गेले. मी तिला समजावलं, अगं काढून टाक, वेगळा लेख म्हणून छाप. त्या काळात एकदाच मी तिला खचलेली पाहिली. प्रयोगशाळेत एकटीच बसली होती. "पोट्ट्याइनं हाडं जुळवली नसती, तं मी हे काम कधीचं सोडून देल्लं असतं," ती म्हणाली. "मंग त्याइलेच कसं बाहेर काढू वं?" शेवटी तिने मार्गदर्शकांना एवढंच लिहिलं की एक दिवस दिग्रसला या आणि एक तास वर्गात बसा, मग सांगाल ते करते. ते आले. खुर्ची दिली होती तिथे थोडा वेळ बसले. मग एका पोराला खालचा जबडा जुळेना म्हणून उठून गेले, आणि जेवणाची वेळ टळली तरी चष्मा कपाळावर चढवून ते त्या पोरांमध्ये खालीच बसलेले होते. जाताना ते म्हणाले, "प्रकरण राहू द्या. फक्त शुद्धलेखन तपासा." शुद्धलेखन मी तपासलं.

तेवढ्यात जिनिंगचे शेठजी पत्रे बदलायला निघाले. दसऱ्यानंतर कापूस यायला लागतो, त्याआधी जुन्या शेडचं छत नवं करायचं होतं, आणि घुबडं अशुभ म्हणून हमालही कुरकुरत होते. "मॅडम, आप का सब ठीक है, पर ये उल्लू तो हटाना पडेगा," असं त्यांनी सांगून टाकलं. वर नेमकी पिल्लं होती. पांढरी, फुगलेली, कुकरची शिटी व्हायच्या आधी होतो तसा फुसफुस आवाज करणारी. शोभाने वाद घातला नाही. तिने शेठजींना शाळेत बोलावलं आणि पोरांनी त्यांच्यापुढे त्यांच्याच शेडमधल्या उंदरांचे जबडे ओळीने मांडले. सरकीच्या गोदामात उंदरांनी उच्छाद मांडलेला, ते दुखणं शेठजींना चांगलं माहीत होतं. त्यांनी एक जबडा उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "अरे, ये तो बिना पगार के चौकीदार निकले!" चौकीदारांना कायम ठेवायला काही ते तयार झाले नाहीत, छत व्हायचंच होतं. पण पिल्लं उडेपर्यंत घरट्याकडची बाजू त्यांनी उघडी ठेवली, आणि घुबडांसाठी लाकडी पेट्या करायला आपला सुतार दिला.

पेट्या शाळेच्या पाण्याच्या टाकीवर बसल्या. पिल्लं उडाली, छत पूर्ण झालं, जोडी निघून गेली. आणि पेट्यांत कोणीच आलं नाही. पहिला हिवाळा गेला, दुसरा गेला. एका पेटीत साळुंक्यांनी संसार थाटला. गावातले लोक चौकात विचारायचे, "काय मॅडम, फ्लॅट भाड्यानं गेले का?" शोभाही हसायची. "नाई ना बाप्पा, लोकेशन पसंत नाई पडलं त्याइले!" याच दिवसांत तिची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, या मुलांना मजा आली हे दिसतं, पण ती शिकली कशावरून? शोभा म्हणाली, "सर, दोन्ही एकाच वेळी झालं. मला ते वेगळं करता आलं नाही, आणि ते मी मर्यादांमध्ये लिहिलंय." दुसरे म्हणाले, पेट्यांचा प्रयोग तर फसला. ती म्हणाली, "आतापर्यंत घुबडं आली नाहीत, एवढंच सिद्ध झालंय." हॉलमध्ये हशा पिकला. साठीला टेकलेली आमची शोभा त्या दिवशी डॉक्टर झाली. भाऊजींनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, आणि कोणीतरी खवचटपणे विचारलंच, "लाल कानाच्या कुकरमधले तं नाहीत?"

या हिवाळ्यात घुबडं आली. संध्याकाळी शाळेच्या चौकीदाराने निरोप पाठवला आणि शोभा चप्पल न घालताच धावली. तिने मला फोन केला तेव्हा तिला धाप लागली होती, आणि ती एवढंच म्हणत होती, "आली वं मीने, आली..." ती धाप धावण्याची होती की आणखी कशाची, हा प्रश्न मला आता पडतो. तेव्हा पडला नाही. तेव्हा आम्ही दोघी फोनवर नुसत्या हसत होतो.

तिची एक सवय सांगायची राहिली. वर्गात असो की स्टाफरूममध्ये, कोणी काही ठासून सांगितलं की ती विचारायची, "तुम्ही पाह्यलं, का आइकलं?" समोरचा "आइकलं" म्हणाला, की ती लगेच उठायची. "मंग चाला, पाहू." प्राचार्यांनाही तिने असं दोनदा गच्चीवर नेलं होतं. हे मला आठवायचं कारण, तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी बसले होते. भाऊजी कोपऱ्यात खुर्चीवर होते. गावाकडून आलेली त्यांची म्हातारी मावशी डोळे पुसत म्हणाली, "मी तं पयलेच सांगतलं होतं. घुबडाच्या मांगं लागली, अन् घुबडानंच नेली पोरीले." खोलीतल्या बायकांनी माना डोलावल्या. एवढ्या वर्षांचं तिचं काम या एका वाक्यात पुसून चाललं आहे असं मला वाटलं, आणि दुःखाच्या घरात म्हातारीशी वाद तरी काय घालायचा...

तेवढ्यात भाऊजी बोलले. हळूच. "मावशी, तू पाह्यलं, का आइकलं?"

मावशी गोंधळली. "आइकलं बावा. घुबड कोण पाह्यते?"

"मंग चाल, पाहू," म्हणत भाऊजी उठले.

त्यांनी मावशीचा हात धरला. मी मागे निघाले, मग माझ्यामागे तिच्या दोन विद्यार्थिनी, मग शेजारणी, आणि बघता बघता आमची वरातच शाळेच्या मैदानात पोचली. दिवस नुकताच मावळला होता. आम्ही उभे राहिलो. पेटीच्या तोंडाशी काहीतरी हललं, आणि पानासारख्या आकाराचा एक पांढराशुभ्र चेहरा बाहेर आला. त्याने मान वळवून सावकाश आमच्याकडे बघितलं. भाऊजी अर्धं पाऊल मागे सरकले, पण त्यांनी मावशीचा हात सोडला नाही. मावशीने पदर डोक्यावर सारखा केला.

"बाप्पा," ती म्हणाली, "हे तं बम देखणं हाये वं!"