अर्ध्या पेजेचा वाटेकरी

अनंतासाठी माशांच्या खाद्यात घालायच्या खनिज पुडीची पिशवी बाजूला काढत होतो, तेवढ्यात वहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले..." पिशवी हातातच राहिली. महिना झाला, ती अजून गल्ल्यामागे आहे.

माझं महाडला पशुखाद्याचं दुकान. अनंता माझा शाळेतला मित्र, पोलादपूरच्या वरच्या वाडीतला. शेततळ्यात त्यानं रोहू-कटला मासे सोडले, पण ते वाढेनात, अंगावर चट्टे यायचे. मी पूड दिली, तर पठ्ठ्यानं भातावर युरिया फेकावा तशी मुठीमुठीनं पाण्यात उधळली! "अरे, ती पाण्याला नाय, माशाला द्यायची!" मी पोट धरून हसलो. तो चिडला नाही. कोंड्यात पूड कालवायची, वर पेज ओतून गोळे वळायचे, ही युक्ती त्यानंच काढली. तेव्हापासून सकाळची अर्धी पेज त्याची, अर्धी माशांची. बांधावर वाटी वाजवली की मासे गोळा व्हायचे आणि हा लेकरं जेवायला बसल्यासारखा बघत राहायचा.

गेल्या वर्षी त्याचं रक्त कमी झालं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेऊन तो दुकानात आला. पुडीच्या पिशवीवरची अक्षरं बोटानं वाचत म्हणाला, "सुऱ्या, लोह दोन्हीत हाय रे!"

"मग काय, तुझं नि माशांचं औषध एकच," मी म्हणालो. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, मी वळलो.

दहाव्याला गेलो तेव्हा वहिनींनी माशांच्या खाद्याचा डबा उघडला. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं. "गोळ्या कुटून माशांनाच घालायचे. पावसात त्यांना जास्त लागतं म्हनायचे. आनि आपन पिशवीतली पूड पेजेतनं घ्यायचे. सुऱ्यानं सांगितलंय, औषध एकच हाय, म्हनायचे..."

गोळ्या घेतल्या असत्या तर तो जगला असता का, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मला मात्र रोज वाटतं, जगला असता. वहिनी, समोर बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे लिहितो. ती थट्टा होती. माझ्या शब्दावर त्याचा एवढा विश्वास असेल, हे मला कळायला हवं होतं.

त्या दिवशी निघताना वहिनींनी पेज भरून त्याची वाटी पुढे केली. "अर्धी तुमी घ्या, अर्धी माशांना."

अर्धी प्यालो. उरलेल्या पेजेत कोंडा कालवून गोळे वळले, बांधावर बसून वाटी वाजवली. मासे आले. नेहमीसारखे, लगेच आले.