ॲब्लेशननंतरची धडधड

हृदयाचे बेताल ठोके थांबवायला माझ्या जांघेतल्या शिरेतून नळी घालून ॲब्लेशन केलं, म्हणजे हृदयातला बिघडलेला भाग आतून जाळला, त्याला बरीच वर्षं झाली. घरी सोडताना डॉक्टर हसत म्हणाले, "आता हा आजार विसरून जा." मी विसरलेही. शाळेत शिकवत राहिले, कर्नाळा चढून आले, भेटेल त्याला त्या उपचाराचं कौतुक ऐकवलं.

मग एका दुपारी फळ्यावर लिहिताना छातीत तेच सुरू झालं. काही ठोके भराभर, मधेच एक पोकळ, पुन्हा घाई. मी टेबलाला धरून खाली बसले. घराजवळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत झालं होतं. तिथले डॉक्टर नाडी सोडत म्हणाले, "ॲब्लेशन झालंय ना? मग हे ते नाही. या वयात बायकांना असं होतं. टेन्शन घेऊ नका." नवऱ्यानेही त्यांचीच री ओढली. पुढे कित्येक महिने जिना चढताना धाप लागली, की मी स्वतःलाच भित्री म्हणायचे. याचा संताप अजून जात नाही.

शेवटी कळंबोलीची माझी बहीण मला ओढतच दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी छातीवर ठोके नोंदवणारं यंत्र लावून घरी पाठवलं. नोंद पाहून म्हणाले, "जुनंच परतलंय."

"परततं?"

"पुष्कळांचं परततं. कित्येक वर्षांनीसुद्धा. तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"नाही!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की नर्स आत डोकावली.

दुसऱ्यांदा ॲब्लेशन झालं. आता खूप बरं आहे, पण तपासणी चुकवत नाही. मागच्या खेपेला याच डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर उरणकडची एक कोळीण भेटली. तिच्या नवऱ्याचं ॲब्लेशन ठरलं होतं.

"एकदा केला का परत काय नाय, असा आमच्या तिकडच्या डॉक्टरनी सांगितलाय," ती म्हणाली.

"ताई, आत गेलात की विचारा, परत आलं तर काय करायचं? आणि नंतर किती दिवसांनी दाखवायचं?"

"तुमी तर मना भेव घालता!"

सोबत आलेल्या माझ्या नवऱ्याने 'पुरे' म्हणत माझा हात दाबला. मी तो सोडवून घेतला. "भीती नाही घालत. विचाराच."

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली ती तणतणतच.

"परत येऊ शकतो म्हणं! या डॉक्टरनी सगला समजावला. मंग त्या पयल्याला सांगाया काय झाला होता?"